चौसष्ट खेळाडू, सहा विजय : टीव्हीवरच्या बाद पद्धतीच्या पोकरमधून खरा श्रेष्ठ कोण ते ठरतं का?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. सध्या रोज रात्री जेवणं आटोपली की मी ‘नॅशनल हेड्स-अप पोकर चॅम्पियनशिप’चे जुने भाग बघत बसतो. ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : २००५ साली लास वेगासला ही स्पर्धा सुरू झाली आणि एनबीसी वाहिनीवर दाखवली गेली. ६४ खेळाडू, त्यातले बहुतेक पोटापाण्यासाठी पोकर खेळणारे. टेनिसच्या स्पर्धेसारखा ड्रॉ. टेबलावर फक्त दोघं, हरला तो घरी. विजेतेपदासाठी सलग सहा सामने जिंकायचे, अंतिम फेरीत तेवढे तीनपैकी दोन सामने जिंकायचे. पहिल्या वर्षी प्रवेश शुल्क २०,००० डॉलर होतं आणि विजेत्याला ५ लाख डॉलर मिळाले. ते फिल हेलम्युथने नेले.

मला हा प्रकार विलक्षण आवडतो. नऊ-दहा जणांच्या टेबलावर माणूस तासभर पत्ते टाकून देत बसू शकतो. इथे लपायला जागाच नाही. दोघांच्या टेबलावर प्रत्येक डावात पत्ते बघण्याआधीच सक्तीची रक्कम लावावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात : एकाची छोटी ब्लाइंड जाते, दुसऱ्याची मोठी. चांगले पत्ते येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) आपोआप आटत जातात. म्हणून राजा आणि सत्ती असल्या सामान्य पत्त्यांवरही लढावं लागतं, आणि मग पत्त्यांपेक्षा समोरच्या माणसाला वाचणं मोठं ठरतं.

पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. ही स्पर्धा २००५ ते २०११ दर वर्षी झाली, २०१२ला झाली नाही, २०१३ला शेवटची. एकूण आठ वेळा. हेलम्युथ, टेड फॉरेस्ट, पॉल वासिका, क्रिस फर्ग्युसन, हक सीड, अ‍ॅनी ड्यूक, एरिक सायडेल, माइक मॅटुसो. आठ स्पर्धा, आठ वेगळे विजेते! मग यातून श्रेष्ठ खेळाडू ठरतो, की तीन दिवस ज्याला पत्त्यांनी साथ दिली तो? आपल्या गोव्यात या विषयावर बोलायला माणसं मिळतात ती कॅसिनोच्या बोटींच्या वादापुरती. मला खेळावर बोलायचं आहे.

काजूबोंडू

पहिला प्रतिसाद माझा! उत्तर सोपं आहे : ज्याला पत्ते आले तो जिंकला. धागा बंद करा, हुमण निवतंय.

पेडणेकर

मला यातलं ओ की ठो कळत नाही. गणपतीत आम्ही तीन पत्ती खेळतो, तसलंच ना हे? तीन पत्तीत कोण श्रेष्ठ असं कोणी विचारत नाही.

मांडवीकाठ

@पेडणेकर, फरक बराच आहे. यात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात : आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). या सातांतून उत्तम पाच जुळवायचे. पैसे लावण्याच्या चार फेऱ्या होतात आणि दर फेरीला नवी माहिती हाती येते. तीन पत्तीत समोरच्याकडे काय असेल याचा अंदाज बांधायला उघडा पत्ताच नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सत्यनारायण खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, तेव्हा तीन पत्त्यांच्या फ्लशला शुद्ध नशिबाच्या बाजूला ठेवलं होतं. पोकरबद्दल मात्र आपल्याकडे उच्च न्यायालयांचं एकमत नाही. गुजरातने २०१७ला नशीब म्हटलं, इतरत्र कौशल्य म्हटलं गेलं.

गणिताचे सर

विषय माझ्या आवडीचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा दोन्ही खेळाडू अगदी तुल्यबळ आहेत, प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा. मग सहा सामने सलग जिंकण्याची शक्यता ६४त एक, म्हणजे १.५६ टक्के. आता असा खेळाडू घ्या जो भल्याभल्यांविरुद्ध १०० पैकी ६० सामने जिंकतो. व्यावसायिकांमध्ये ६० टक्के म्हणजे जबरदस्त वर्चस्व. त्याची शक्यता ०.६ चा सहावा घात, ०.०४६६. म्हणजे ४.७ टक्के. इतरांच्या तिप्पट, तरी १०० पैकी ९५ वेळा तो हरूनच घरी जाणार. सरासरीने त्याला एकवीस वर्षांतून एक विजेतेपद मिळेल. आणि स्पर्धा झाली आठच वेळा.

तेव्हा @मांडवीकाठ, आठ वेगळे विजेते निघाले म्हणून कौशल्य नाही असा निष्कर्ष निघत नाही. कौशल्य भरपूर असतं तरी चित्र असंच दिसलं असतं. नमुना फार लहान आहे.

काजूबोंडू

सर, म्हणजे माझं उत्तर बरोबर की चूक?

गणिताचे सर

दोन्ही सिद्ध होत नाही. हुमण गरम करून घ्या.

पुणेरी पाहुणा

सरांच्या गणिताला माझा आक्षेप आहे. विजेत्यांची यादी बघू नका, अंतिम सामने बघा. क्रिस फर्ग्युसन २००५ला अंतिम फेरीत हरला, २००६ला हरला, २००८ला जिंकला. चार वर्षांत तीन अंतिम सामने! सायडेल २०१०ला अंतिम फेरीत अ‍ॅनी ड्यूककडून हरला आणि २०११ला क्रिस मनीमेकरला हरवून जिंकला. हेलम्युथ २००५ला विजेता, २०१३ला उपविजेता. ६४ जणांतून तीच तीच नावं वर येत असतील तर हे नाणेफेकीचं काम नव्हे.

आणि फर्ग्युसन कोण आहे बघा. वडील गणितज्ञ, स्वतः संगणकशास्त्रात पीएचडी, पोकरची सर्वांत मोठी स्पर्धा असलेल्या वर्ल्ड सीरिजचा २०००चा विजेता. लांब केस, मोठी टोपी आणि दर वेळी तेवढाच वेळ घेऊन, त्याच पद्धतीने पैसे पुढे सरकवायचे. समोरच्याला वाचायला काही ठेवायचंच नाही. हा माणूस चार वर्षांत तीनदा शेवटच्या दोघांत आला ही लॉटरी असेल तर मी पोकर सोडतो.

गणिताचे सर

@पुणेरी पाहुणा, मुद्दा चांगला आहे, मोजून बघू. नाणेफेकीच्या जगात एका ठरावीक माणसाला अंतिम फेरी गाठण्याची शक्यता ३२त एक. चारपैकी तीन वर्षं गाठण्याची शक्यता साधारण साडेआठ हजारांत एक. हे ऐकून तुम्ही जिंकलात असं वाटेल. पण फर्ग्युसनचं नाव आपण स्पर्धा झाल्यावर निवडलं. तेच ६४ जण दर वर्षी खेळले असं धरलं, तर ‘त्यांच्यातल्या कोणा एकाला’ असं जमण्याची शक्यता येते सुमारे १३०त एक. तरीही ती लहानच आहे, म्हणजे पारडं कौशल्याकडे झुकतं. पण साडेआठ हजार आणि एकशेतीस यात अंतर आहे, आणि टीव्हीवरचा निवेदक नेहमी पहिला आकडा सांगतो.

म्हापशाची माई

तुमचं सगळं गणित वाचलं. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण मला वेगळं सांगायचं आहे. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा, चांगला शिकलेला, मोबाइलवर हाच खेळ खेळायचा. तोही म्हणायचा की हे नशीब नाही, कौशल्य आहे. सुरुवातीला जिंकला, आईला मिक्सर आणून दिला. मग आईच्या बांगड्या गहाण पडल्या, हे तिला कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. टीव्हीवर जिंकणारा दिसतो. ६३ जण हरतात ते कोण दाखवतं? कौशल्य हा शब्द तुम्ही इतक्या सहज वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

मांडवीकाठ

माई, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर आता २०२५च्या कायद्याने देशभर बंदी आली, त्यात पोकरही आलं. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. पण दुसरी बाजूही नोंदवतो. या टीव्हीवरच्या स्पर्धेत खेळाडूचं जास्तीत जास्त नुकसान म्हणजे प्रवेश शुल्क, आणि ते आधीपासून ठरलेलं. मोबाइलवर रात्री दोन वाजता पुन्हा पुन्हा पैसे भरता येतात, इथे तसं नाही. बाद झालात की संपलं. दोन्ही गोष्टींना पोकर म्हणतात, पण माणसाचं होतं ते वेगळं.

सासष्टीकर

माईंना पूर्ण पाठिंबा. आणि ज्यांना गोव्याचा कायदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आपला जुगारबंदीचा कायदा १९७६चा. १९९२ला त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट करून दिली, पुढे बोटी आल्या. फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी. २१ वर्षांखालच्या कोणालाच प्रवेश नाही. म्हणजे सरकारलाही माहीत आहे की हे आपल्या माणसांसाठी बरं नव्हे, पण पाहुण्यांच्या पैशाला हरकत नाही. मला हे पटत नाही. वाईट असेल तर सगळ्यांना वाईट.

पेडणेकर

आणि जत्रेतल्या जुगाराच्या टेबलांचं काय? तिथे आधार कार्ड कोण बघतो?

सासष्टीकर

@पेडणेकर, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे आणि तिथे मी तुमच्या आधी येईन.

रात्रपाळी

नमस्कार. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी डिचोलीचा, कार्ड डीलर आहे. कुठल्या बोटीवर ते सांगत नाही. गोमंतकीय असल्यामुळे मला खेळायला बंदी, पण पत्ते वाटायला नाही. त्यामुळे टेबलाची ही बाजू मी जवळून बघतो.

आधी माईंसाठी एक. रूले किंवा बॅकरा म्हटलं की तुम्ही घराविरुद्ध, म्हणजे कॅसिनोविरुद्ध खेळता, आणि गणित घराच्या बाजूचं असतं. तिथे दीर्घकाळ जिंकणारा खेळाडू नसतो. पोकरमध्ये घर खेळतच नाही. पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) आपला हिस्सा, म्हणजे रेक, काढून घेतं. स्पर्धा असेल तर प्रवेश शुल्कातला भाग. खेळाडू एकमेकांचेच पैसे जिंकतात. म्हणून जो जिंकतो तो कोणाच्या तरी खिशातूनच जिंकतो, हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे.

आता मूळ प्रश्न. दोघांच्या सामन्याला पत्ते वाटणं हे डीलरसाठी सगळ्यात कठीण काम. नऊ जणांच्या टेबलावर मध्ये श्वास घ्यायला वेळ असतो. दोघांत डाव पाऊण मिनिटात संपतो, लगेच पिसा, कापा, वाटा. बटण (वाटपाची पाळी दाखवणारी चकती) ज्याच्याकडे तोच छोटी ब्लाइंड भरतो, फ्लॉपआधी तो पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. नवे डीलर हमखास इथे गोंधळतात, कारण मोठ्या टेबलावर असं नसतं. पाळी बदलताना आम्ही दोन्ही तळवे उघडून, उलटेपालटे करून छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवतो, मगच उठतो. हातात चिप राहिली नाही याचा तो पुरावा.

आणि माणसं! जो बोलका असतो तो मोठा पैसा लावल्यावर गप्प होतो, हे टीव्हीवर दिसतं. टीव्हीवर न दिसणारं म्हणजे चिप्स हाताळायची लय. निवांत माणूस दोन गठ्ठे एकमेकांत सरकवत राहतो, कट कट कट. पत्ते खरंच भारी आले की तो आवाज थांबतो. चांगले खेळाडू हे जाणून असतात, म्हणून ते मुद्दाम लय चालू ठेवतात. मग बघायचं मानेवरच्या शिरेकडे. ती कोणाला थांबवता येत नाही.

माझं मत : एका सामन्यात काहीही होतं. पण शंभर सामने बघितले की कोण खेळाडू आणि कोण पाहुणा हे डीलरला कळतं.

तीनशेचार

वा रात्रपाळी! हे वाचायलाच मी इथे येतो.

आमच्या घरी आजोबांपासून तीनशे चार खेळतात. गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २, एका रंगाचे ७६ आणि चार रंगांचे ३०४. हुकूम झाकलेला. कोण किती बोली बोलला, कोणता पत्ता कधी पडला, यावरून झाकलेला हुकूम ओळखायचा. आजोबांना तिसऱ्या पत्त्याला कळायचं. लहानपणी आम्हाला वाटायचं ते चोरून बघतात. नंतर समजलं, ते आमचे चेहरे बघायचे.

मांडवीकाठने म्हटलं तसं दोघांच्या पोकरमध्ये हेच शिखराला जातं. @काजूबोंडू, ज्याला पत्ते आले तो जिंकला म्हणतोस, पण कितीतरी डावांत पत्ते उघडलेच जात नाहीत रे. एकाने पैसा लावला, दुसऱ्याने पत्ते टाकले, संपलं. त्या डावांत पत्ते कोणाला आले होते?

काजूबोंडू

हे मात्र खरं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

घोडाअडीच

मी बुद्धिबळवाला. पण नॉकआउटचा मुद्दा निघाला म्हणून येतो. मागच्याच वर्षी आपल्या हडफड्यात फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) विश्वचषक झाला ना! २०६ खेळाडू, ३१ ऑक्टोबर ते २७ नोव्हेंबर २०२५, बाद पद्धत. बुद्धिबळात फासे नाहीत, पत्ते नाहीत, झाकलेलं काही नाही. तरी काय झालं? विश्वविजेता गुकेश तिसऱ्या फेरीत फ्रेडरिक स्वानेकडून हरला. प्रज्ञानंद चौथ्या फेरीत गेला. अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत. जिंकला उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव, १९ वर्षांचा. दोन मोठे डाव, बरोबरी झाली तर जलद डाव, हरला की सामान बांधा.

म्हणून सिंदारोव गुकेशपेक्षा श्रेष्ठ असं कोणी म्हणालं नाही. पण सिंदारोव नशिबाने जिंकला असंही कोणी म्हणालं नाही. बाद पद्धत ‘श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न विचारतच नाही. ती विचारते, आज, या दबावाखाली, चूक न करता कोण टिकतो? तो वेगळा गुण आहे आणि तो खरा गुण आहे. बुद्धिबळात एवढी उलथापालथ होत असेल तर पत्त्यांत होणारच.

मांडवीकाठ

@घोडाअडीच, देव बरें करूं! हे माझ्या मनातलं होतं, मांडता येत नव्हतं.

पुणेरी पाहुणा

पण एक फरक विसरू नका. बुद्धिबळात दबाव घड्याळाचा. टीव्हीवरच्या पोकरमध्ये दबाव ब्लाइंडचा, आणि तो वाहिनीच्या सोयीने वाढवलेला असतो. सामना कार्यक्रमाच्या वेळेत संपायला हवा ना, म्हणून ब्लाइंड भराभर चढतात. सुरुवातीला दोघांकडे भरपूर चिप्स असतात, तेव्हा टर्न-रिव्हरपर्यंत विचार करून खेळता येतं. शेवटी दोघांकडे मोठ्या ब्लाइंडच्या दहापट चिप्स राहिल्या की छोट्या ब्लाइंडवाल्यापुढे दोनच योग्य पर्याय उरतात : सगळं पुढे सरकव, नाहीतर टाकून दे. आणि गणिताने निम्म्याहून जास्त पत्त्यांवर सगळं सरकवणंच बरोबर ठरतं. मग कसलं माणूस वाचणं?

मी स्वतः गोव्याला स्पर्धा खेळायला येतो, तिथेही हेच. शेवटचा तास म्हणजे सगळे उभे राहून पत्ते बघत असतात. एक्क्यांची जोडी विरुद्ध राजांची जोडी झाली तरी १०० पैकी १८ वेळा राजे जिंकतात. एक्का-राजा विरुद्ध राण्यांची जोडी तर जवळजवळ निम्मं-निम्मं. असे दोन-तीन प्रसंग जो निभावतो तो पुढे.

रात्रपाळी

हे शंभर टक्के खरं. शेवटच्या तासात मला खेळाडूंचे चेहरे आठवत नाहीत, फक्त रिव्हर आठवते.

तीनशेचार

मग टीव्हीवाल्यांनी ब्लाइंड सावकाश वाढवावेत की. कार्यक्रम नाहीतरी काटछाट करूनच दाखवतात. तासाभरात मोजकेच डाव दिसतात, तेही ऑल-इनवाले, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे सरकवलेले. बघणाऱ्याला वाटतं पोकर म्हणजे दर दोन मिनिटांनी सगळं पणाला लावायचं. माईंच्या वाड्यावरच्या मुलानेही असंच काही बघितलं असेल.

म्हापशाची माई

बघितलं होतं. त्याच्या आईने मला सांगितलं, दिवसभर तेच व्हिडिओ लावून बसायचा.

तुमच्यातल्या कोणाला राग येऊ नये, तुम्ही सगळे जाणतेपणाने बोलताय हे मला कळतं. पण तुम्ही जिला काटछाट म्हणता ना, त्यात सगळ्यात आधी कंटाळा कापला जातो. त्या मुलाला कंटाळा दाखवला असता तर कदाचित वाचला असता.

मांडवीकाठ

माई, हा मुद्दा इथल्या कोणत्याही आकड्यापेक्षा मला मोठा वाटतो. १९९९ला ब्रिटनच्या चॅनल फोरवर टेबलाखालून झाकलेले पत्ते दाखवायला सुरुवात झाली, तेव्हापासून पोकर टीव्हीवर बघण्यासारखं झालं. त्याआधी दोन माणसं गप्प बसलेली दिसायची, बस. २००३ला क्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता स्पर्धेतून आला, वर्ल्ड सीरिज जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला, आणि जगभर लोकांना वाटलं की मीही करू शकतो. पत्ते दिसल्यामुळे घरी बसलेल्याला सगळंच सोपं वाटतं. ‘अरे, तो ब्लफ करतोय, पैसे लाव की!’ असं मीही सोफ्यावरून ओरडतो. खेळणाऱ्याला ते पत्ते दिसत नसतात.

गणिताचे सर

एक गोष्ट राहिली. दोघांच्या पोकरमध्ये कौशल्य मोजायला किती डाव लागतात, याचं उत्तर प्रत्यक्षात मिळालेलं आहे. जानेवारी २०१७मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक प्रणालीने दोघांच्या खेळातल्या चार नामांकित व्यावसायिकांना हरवलं. २० दिवस, १,२०,००० डाव. एवढं करूनही त्यांना नशीब कमी करायची युक्ती वापरावी लागली : एका खोलीत माणसाला जे पत्ते मिळाले तेच दुसऱ्या खोलीत संगणकाला द्यायचे आणि उलट. म्हणजे चांगले पत्ते आले म्हणून कोणी जिंकू शकत नाही.

डुप्लिकेट ब्रिज खेळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. आता तुलना करा. टीव्हीवरच्या एका सामन्यात डाव होत असतील फार तर काही डझन.

पेडणेकर

सर, मग अशीच स्पर्धा टीव्हीवर का भरवत नाहीत? दोन खोल्या, तेच पत्ते, उलटे वाटलेले. ती बघायला मी बसेन, मला पोकर येत नसलं तरी.

रात्रपाळी

डीलर म्हणून सांगतो, कठीण आहे. पत्ते आधी लावून ठेवावे लागतील, म्हणजे खेळाडूसमोर पिसता येणार नाहीत. व्यावसायिक खेळाडू समोर न पिसलेल्या गड्डीवर पैसे लावणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. शिवाय दोन टेबलांवर पैसे वेगवेगळे लागतात, एकाकडे चिप्स लवकर संपल्या तर पुढचे डाव जुळत नाहीत. दर डावाला चिप्स पुन्हा समान करून द्याव्या लागतील.

गणिताचे सर

लिब्रेटसच्या वेळी नेमकं तेच केलं होतं, दर डावाला दोघांच्या चिप्स पूर्ववत. पण मग ‘बाद’ कोण होणार? ठरावीक डाव खेळून शेवटी बेरीज करायची. आणि प्रत्येक बाजूला दोन माणसं लागतील, एकेका खोलीत एकेक.

तीनशेचार

म्हणजे जोडीचा खेळ झाला! अहो, मग तो आम्हाला येतो.

सासष्टीकर

आणि पैसे न लावता खेळता येईल. प्रवेश शुल्क शून्य, बक्षीस करंडक. मग मीही विरोध करणार नाही, उलट आमच्या क्लबचं सभागृह मिळवून देतो. पण पैसे शून्य म्हणजे शून्य. नंतर ‘थोडेसे ठेवूया’ असं कोणी म्हणालं तर मी उठून जाणार.

पुणेरी पाहुणा

पैसे नसतील तर ब्लफला धार राहत नाही. हरण्याची भीती नसेल तर कोणीही काहीही सरकवतो.

घोडाअडीच

हे मला मान्य नाही. बुद्धिबळाच्या शालेय स्पर्धेत करंडकासाठी रडलेली मुलं मी दर वर्षी बघतो. हरण्याचं दुःख व्हायला पैसेच लागतात असं नाही.

पुणेरी पाहुणा

मुलं रडतात, ठीक आहे. पण २०२४ला आपल्या संतोष सुवर्णाने वर्ल्ड सीरिजमध्ये अडीच लाख डॉलर प्रवेश शुल्काची स्पर्धा जिंकली, सुमारे ५४ लाख डॉलर मिळवले. त्या टेबलावर जी शांतता असते ती करंडकासाठी येणार नाही. मी यावर ठाम आहे.

म्हापशाची माई

ती शांतता मला नकोच आहे. सासष्टीकरांच्या सभागृहात खेळणार असाल तर चहाचं मी बघते.

मांडवीकाठ

ठरलं तर मग. @गणिताचे सर, ब्लाइंड न वाढवता, चिप्स पूर्ववत करत, दोन तासांत किती डाव बसतील याचा तक्ता करून द्याल का? @रात्रपाळी, गड्ड्या लावायचं काम खेळणाऱ्यांपैकी कोणाकडे नको, म्हणून माई किंवा पेडणेकर. तुम्ही त्यांना एकदा दाखवून द्या.

रात्रपाळी

सोमवारी माझी सुट्टी असते. पेडणेकरांना पणजीला यायला जमलं तर अर्ध्या तासात शिकवतो. एक अट : दोन्ही गड्ड्या वेगळ्या पाठरंगाच्या घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी पत्ते मिसळतील.

गणिताचे सर

दोन तासांत नवख्यांचे साठ डाव धरा, दोन्ही खोल्या मिळून एकशेवीस. यातून श्रेष्ठ कोण हे तरीही ठरणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

काजूबोंडू

माझं नाव घाला. जोडीला तीनशेचार हवा.

तीनशेचार

येतो. पण पहिला नियम : पत्ते चांगले नव्हते असं म्हणायचं नाही. दुसऱ्या खोलीत तेच असणार आहेत.